महाकाव्य, कथा आणि शेऱ्याचा रकाना

'महाकाव्य' आणि 'कथा' हे दोन शब्द आज महाराष्ट्रात सर्वाधिक वेळा कुठे उच्चारले जात असतील, असे कोणी विचारले, तर आम्ही विद्यापीठांच्या मराठी विभागांकडे बोट दाखवणार नाही. ते हिंजवडीत आणि खराडीत, काचेच्या इमारतींमध्ये, रोज सकाळी पंधरा मिनिटांच्या उभ्या बैठकीत उच्चारले जातात. अर्थात इंग्रजीतून. 'ही स्टोरी त्या एपिकखाली टाका.' 'एपिक या तिमाहीत संपत नाही.' 'स्टोरी फार मोठी झाली, फोडा तिला.' ज्याने काव्यशास्त्राचा थोडाफार अभ्यास केला आहे, त्याच्या कानाला या वाक्यांनी प्रथम गुदगुल्या होतात आणि मग हळूहळू काहीतरी खुपू लागते. हे खुपणे नेमके कशाचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आम्ही मूळचे उमरीचे, जिल्हा नांदेड. नांदेडच्या विद्यापीठातून मराठी घेऊन एम.ए. केले आणि पोटासाठी पुण्याला आलो. पीकनोंदी आणि शेतमालाच्या हिशेबाचे ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत 'प्रॉडक्ट' नावाच्या विभागात आमची वर्णी लागली, ती आम्हांला संगणक कळतो म्हणून नव्हे तर लिहिता येते म्हणून. तिथे लिहायचे असते ते 'स्टोरी'. बोधपर लघुकथांच्या एखाद्या मासिकात नोकरी लागावी तसे पहिले काही दिवस आम्हांला वाटत होते.

वाचकांपैकी ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी शब्दांची ही उतरंड आधी मांडली पाहिजे. सर्वांत वर 'व्हिजन', म्हणजे हे उत्पादन जगात असल्याने शेवटी काय बदलेल याचे एका वाक्यातले चित्र. त्याखाली 'स्ट्रॅटेजी', म्हणजे त्या चित्रापर्यंत जाण्याच्या अनेक वाटांपैकी आपण कोणती धरली आणि कोणत्या सोडल्या. त्याखाली 'गोल', म्हणजे ठरावीक मुदतीत गाठायचे, मोजता येईल असे उद्दिष्ट. उद्दिष्टाखाली 'इनिशिएटिव्ह', म्हणजे उपक्रम, उपक्रमाखाली एपिक, एपिकखाली स्टोरी, आणि सर्वांत तळाला 'टास्क', म्हणजे एका माणसाने एक-दोन दिवसांत उरकायचे काम. अजून हाती न घेतलेल्या स्टोऱ्यांच्या ढिगाला 'बॅकलॉग' म्हणतात, आणि कोणत्या उपक्रमाची पाळी केव्हा याच्या तक्त्याला 'रोडमॅप'. प्रत्येक कंपनीत या पायऱ्यांची नावे थोडी इकडेतिकडे होतात. 'फीचर' एपिकच्या वर की खाली यावर आम्ही शहाण्या माणसांना तासभर भांडताना पाहिले आहे.

उतरंड हा शब्द आम्ही सवयीने वापरला खरा, पण तो इथे उलटा बसतो. आमच्या आजीच्या घरी माजघरात उतरंडी होत्या. उतरंडीत सर्वांत मोठा रांजण तळाला असतो आणि वरची सगळी मडकी तो पेलतो. कंपनीच्या उतरंडीत मोठे ते वर आणि लहान ते खाली. वजन मात्र येथेही तळालाच येते.

हा व्यवसाय तसा फार जुना नाही. १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीत नील मॅकेलरॉय नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वरिष्ठांना तीन पानांचे टिपण लिहिले. तो 'कॅमे' साबणाची जाहिरात पाहत होता आणि त्याच कंपनीचा 'आयव्हरी' साबण सगळे लक्ष खाऊन टाकत होता. प्रत्येक साबणाची आदी-अंत जबाबदारी एकाच माणसाकडे असावी, असे त्याने सुचवले. उत्पादन-व्यवस्थापकाचा जन्म या टिपणातला, असे मानले जाते. (पुढे हे गृहस्थ अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले, साबणापासून क्षेपणास्त्रापर्यंतचा हा प्रवास एखाद्या कादंबरीकाराने घ्यावा असा आहे.) साहित्यातले शब्द मात्र या व्यवसायात फार उशिरा आले. १९९० नंतरच्या दशकात केंट बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या नव्या पद्धतीत 'स्टोरी' हा शब्द रूढ केला, आणि जी स्टोरी एका दमात संपत नाही तिला 'एपिक' म्हणण्याची रीत माइक कोह्नच्या २००४ सालच्या पुस्तकाने सर्वदूर नेली. परस्परसंबद्ध स्टोऱ्यांच्या जुडीला त्याने 'थीम' म्हटले. म्हणजे आशयसूत्र, महाकाव्य आणि कथा, अशी आमच्या अभ्यासक्रमाची तिन्ही प्रकरणे एका तक्त्यात आली.

बेकच्या मनात काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. त्याला कागदपत्रांचा कंटाळा होता. गिऱ्हाइकाने शंभर पानांची मागणी लिहून पाठवावी आणि कारागिराने ती आपल्या समजुतीने वाचावी, यापेक्षा दोघांनी समोरासमोर बसावे, गिऱ्हाइकाने आपली अडचण गोष्टीसारखी सांगावी आणि ती विसरू नये म्हणून एका लहानशा कार्डावर दोन ओळी टिपाव्यात. कार्ड म्हणजे कथा नव्हे. ती सांगितली जाण्याची आठवण. रॉन जेफ्रीजने २००१ मध्ये याचे तीन भाग सांगितले: कार्ड, संभाषण आणि खातरजमा. आमच्याकडच्या श्रावणातल्या कहाण्यांचे शास्त्र याहून वेगळे नाही. कहाणी वाचायची नसते, सांगायची असते. ऐकणारी हातात अक्षता घेऊन बसते. कोणी वसा घेतला, का घेतला, त्याचे फळ काय मिळाले हे त्यात क्रमाने येते, आणि ती सुफळ संपूर्ण झाल्याखेरीज कोणी उठत नाही. खातरजमा ती हीच.

परंतु त्याच वर्षी लंडनच्या कोनेक्स्ट्रा नावाच्या कंपनीत या कथेला एक साचा मिळाला. 'अमुक या नात्याने मला तमुक हवे, म्हणजे मला अमुक साधेल.' साचा सोयीचा आहे, हे कबूल केले पाहिजे. कर्ता, इच्छा आणि प्रयोजन या तिन्हींची विचारणा तो करतो, आणि पुष्कळ मराठी कथांना ती विचारणा केली तर त्यांची पंचाईत होईल. पण साचा हाती आल्यावर सांगणाऱ्याची गरज उरली नाही. 'शेतकरी या नात्याने मला...' हे वाक्य लिहायला आता शेतकरी लागत नव्हता.

महाकाव्याचे तर याहून वाईट झाले. लांब ती कथा म्हणजे महाकाव्य, अशी व्याख्या परीक्षेत कोणी लिहिली असती, तर आमच्या सरांनी उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवली असती. महाभारतात नलाचे आख्यान आहे, सावित्रीचे आहे. दोन्ही वनवासातल्या युधिष्ठिराला सांगितली गेली. ती बाहेर काढली तरी स्वतःच्या पायावर उभी राहतात, पिढ्यान्पिढ्या राहिलीही आहेत. आणि आत ठेवली तर मूळ कथेचे काम पुढे रेटत नाहीत. उलट थांबून तिच्याकडे पाहतात. द्यूतात सर्वस्व हरलेल्या राजाला, द्यूतात सर्वस्व हरलेल्या दुसऱ्या राजाची गोष्ट सांगितली जाते. उपाख्यान महाकाव्याच्या 'खाली' नसते, त्याच्या शेजारी असते. कंपनीच्या तक्त्यात शेजार ही जागाच नाही. तिथे प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी खाली असते.

उमरीत आमच्या लहानपणी 'गोष्ट सांगा' म्हटले की म्हातारी माणसे बहुधा बँकेची गोष्ट सांगत. हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्यात, ३० जानेवारी १९४८ रोजी, स्टेट काँग्रेसच्या सैनिकांनी उमरीची बँक लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. या गोष्टीतही ध्येय होते, धोरण होते, उद्दिष्ट होते आणि प्रत्येकाला नेमून दिलेले काम होते. इतिहासाच्या पुस्तकात ते त्याच क्रमाने येते. सांगणारा मात्र कधीच ध्येयापासून सुरुवात करीत नसे. तो त्या दिवशी आपण कुठे होतो, कोणाचे दार कोणी लावून घेतले, इथून सुरू करी. निजामाचे राज्य कुठेतरी शेवटी येई, कधी येतही नसे. कथा तळातून वर जाते. वरून खाली येतो तो आदेश.

रोडमॅपबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या कंपनीत सगळी सत्ता त्या एका तक्त्यात होती. तंत्रज्ञानाच्या नियोजनात हा शब्द १९७० आणि ८०च्या दशकांत मोटोरोला कंपनीने रुळवला असे सांगतात. मराठीत त्याला काय म्हणावे? 'आराखडा' म्हटले की सरकारी टेबल आठवते. 'वाटनकाशा' गोड आहे, पण नकाशात सगळ्याच वाटा असतात आणि रोडमॅपमध्ये एकच. आमच्या मते मराठी माणसाला दोन प्रकारचे रोडमॅप फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. एक पालखीचा. आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पंढरपूर आषाढी एकादशीच्या आत, मधले मुक्काम ठरलेले. पाऊस येवो न येवो, तिथी हलत नाही. दुसरा पेरणीचा. त्यात तारीख नसते, अट असते. पुरेशी ओल झाली तर सोयाबीन. मृग कोरडा गेला तर थांबा. आर्द्राही हुकले तर बियाण्याचा विचार बदला. हल्ली या व्यवसायातले जाणते लोक तारखांचे रोडमॅप टाकून 'आता, नंतर, पुढे कधीतरी' असे तीन रकान्यांचे रोडमॅप काढा म्हणून सांगतात. ते ऐकताना आम्हांला आमच्या काकांची आठवण येते, त्यांना हे कोणी शिकवले नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. उमरीच्या शिवारात आमच्या काकांची कोरडवाहू जमीन आहे. ते चार तासं सोयाबीनची आणि दोन तुरीची घेतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचीही हीच शिफारस आहे, पण काकांचे कारण विद्यापीठाहून जुने. सोयाबीनचे मूळ वर, तुरीचे खोल. भाद्रपदात पाऊस दडी मारून बसला तर सोयाबीनच्या शेंगा पोचट राहतात. तूर तग धरते. एक हुकले तर दुसरे हाती लागते. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीची स्ट्रॅटेजी काय, असे विचारले तर ती या सहा ओळींत लिहिलेली आहे.

आमच्या कंपनीच्या ॲपमध्ये एका तुकड्यात एकच पीक नोंदता येत असे. काकांनी एकदा फोनवर विचारले, "का रे बाळा, तुमच्या त्या ॲपात तूर कुठं टाकायची?" आम्ही म्हणालो, "काका, सध्या एकच पीक घेतंय ते. सोयाबीन टाका." ते म्हणाले, "आन् तूर काय बांधावर उभी हाय का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्ड लिहिले. शेतकरी या नात्याने मला एका तुकड्यात दोन पिके ओळींच्या प्रमाणासह नोंदता यावीत, म्हणजे माझ्या तुरीचा हिशेब राहील. यावेळी साच्यामागे माणूस होता. पण कार्डे ठेवण्याच्या त्या व्यवस्थेचा नियम असा की प्रत्येक स्टोरीला वरची एक एपिक 'पालक' म्हणून दाखवावी लागते, एपिकला उपक्रम, उपक्रमाला उद्दिष्ट. त्या तिमाहीचे उद्दिष्ट नव्या खातेदारांची संख्या वाढवणे हे होते. आंतरपिकाने खातेदार वाढत नाहीत. बैठकीत सगळ्यांनी कार्ड वाचले, कोणी त्याला चूक म्हटले नाही, एकाने तर फार चांगले आहे असे म्हटले. "पण हिचा पालक कोण?" असे व्यवस्थापकांनी विचारले. पालक नव्हता. कार्ड बॅकलॉगमध्ये गेले. पुढच्या तिमाहीतही हेच झाले. 'नाही' म्हणण्याची पाळी कोणावरच आली नाही; ते काम उतरंडीने केले. आमचा आक्षेप असेल तर तो इथे आहे. या शब्दांनी कामाची वाटणी नीट होते, प्रत्येक कामामागे हेतू आहे की नाही हे तपासता येते, आणि कोणाच्या तरी लहरीखातर महिने वाया जात नाहीत. हे सगळे खरे. पण जे वरून खाली उतरत आले नाही ते दिसण्याची सोय त्यात राहत नाही, आणि शेतातून येणारी गोष्ट वरून खाली येतच नाही.

त्याच सुमारास काही कामानिमित्त सातबाराचा उतारा आमच्या हाती आला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा तो जोडकागद. लोक मालकीसाठी सातकडे पाहतात, बाराकडे फारसे कोणी पाहत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची आणि नमुना बाराचे नियम १९७१चे. आमच्या भागात त्याआधी निजामी आमदानीपासूनची पाहणीपत्रके होती आणि १९५४चे खासरा पत्रक. सीमेपलीकडे तेलंगणात उताऱ्याला अजूनही 'पहाणी' म्हणतात. नमुना बाराचे रकाने आम्ही पूर्वी शंभरदा पाहिले असतील. या वेळी वाचले. 'मिश्र पिकांखालील क्षेत्र'. त्यात मिश्रणाचा संकेत क्रमांक, जलसिंचित किती, अजलसिंचित किती. लगेच पुढे 'घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र'. त्यानंतर 'निर्भेळ पिकांखालील क्षेत्र'. मग लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन, जलसिंचनाचे साधन, आणि शेवटी 'शेरा'.

महसूल खात्याची भाषा रुक्ष असते असे म्हणणाऱ्यांनी 'निर्भेळ' हा शब्द पाहावा. पण शब्दाहून आम्हांला क्रम महत्त्वाचा वाटला. हा कागद करणाऱ्याने मिश्रण आधी घेतले आहे आणि निर्भेळ नंतर, जणू शेतात दोन पिके असणे हीच सामान्य गोष्ट. मिश्रणही एक नोंद आणि त्यातले प्रत्येक पीक हीही स्वतंत्र नोंद. तूर सोयाबीनच्या पोटात जात नाही. आणि ज्याला कुठल्याच रकान्यात जागा नाही त्याच्यासाठी शेरा. शेऱ्याला पालक लागत नाही.

या नमुन्याचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. त्यात नोंदी कोण करी, हे गावाला माहीत आहे. पीकपाहणी तलाठ्याने करायची, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. एकेका सज्जात अनेक गावे, आणि बांधावर न जाता चावडीत बसून झालेल्या पाहणीचे किस्से तालुक्यातालुक्यात आहेत. रकाने उत्तम, पण सांगणारा दुसराच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने नेमका हा कर्ता बदलला. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढायचे आणि नोंद करायची. पुढच्या आवृत्तीत ही नोंद त्याची स्वयंघोषणा म्हणून ग्राह्य धरायची असे ठरले आणि तलाठ्याने किमान दहा टक्के नोंदी तपासायच्या. ज्यांच्याकडे तसा मोबाइल नाही, ज्यांच्या गटावर रेंज नाही, त्यांचे प्रश्न याने सुटत नाहीत, हे उघड आहे. तरीही वाक्याचा कर्ता बदलणे ही लहान गोष्ट नव्हे. व्याकरण शिकलेल्या माणसाला तरी ती लहान वाटू नये.

आमच्या कार्डाचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. तिसऱ्या तिमाहीत एका विमा कंपनीशी करार झाला. त्यांच्या तपासनीसांना नोंदलेले पीक आणि शेतातले पीक जुळत नसल्याची अडचण येत होती. उद्दिष्ट आले, उद्दिष्टाखाली उपक्रम आला, उपक्रमाखाली 'नोंद आणि प्रत्यक्ष यांतील तफावत' अशी एपिक आली, आणि बॅकलॉग उपसताना कोणाला तरी आमचे कार्ड सापडले. ते ताबडतोब वर आले. साच्यातले पहिले दोन शब्द तेवढे बदलले गेले: 'शेतकरी या नात्याने'च्या जागी 'विमा तपासनीस या नात्याने'. ओळींचे प्रमाण काढून टाकले, कारण तपासनीसाला त्याची गरज नव्हती. बाकी वाक्य आमचेच होते.

सुधारित ॲप डिसेंबरच्या शेवटी लोकांच्या हाती गेले. आम्ही काकांना फोन लावला आणि म्हणालो, "काका, आता दोन पिकं टाकता येतात. उघडून बघा." ते शेतातच होते. थोड्या वेळाने त्यांचा उलट फोन आला.

"इचारायलंय की मिश्र पीक हाय का म्हून."

"मग हो म्हणा की."

"आता कुठलं मिश्र? सोयाबीन दसऱ्यालाच निघालं. आता निस्ती तूर हाय."